ड्रेनेज लाइनची स्मोक टेस्ट: या चुका टाळा आणि प्लीज, व्हेंटला पिशवी बांधू नका

दारावर आमच्या टीमने टेस्टची नोटीस लावलेली असते, ती कुणी वाचत नाही, आणि धूर सोडला की लगेच कुणीतरी "आग आग" करत जिन्यावरून धावत येतं. दर वेळी हेच. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतोय.

आधी टेस्ट म्हणजे काय ते. रस्त्यातल्या मॅनहोलवर मोठा ब्लोअर बसवतात, त्यातून सांडपाण्याच्या लाइनीत धूर ढकलतात, आणि तो लांब पळू नये म्हणून पुढच्या-मागच्या मॅनहोलमध्ये वाळूच्या गोण्या नाहीतर फुगवायचे प्लग टाकून तेवढाच तुकडा अडवतात. मग माणसं कॅमेरा घेऊन गल्लीभर फिरतात, जिथून धूर निघतो तिथे खूण, फोटो, नोंद. शोधायचं काय, तर या लाइनीत पावसाचं पाणी कुठून घुसतंय. ते घुसलं की पावसाळ्यात लाइन तुडुंब भरते, मॅनहोलमधून मैला रस्त्यावर येतो नाहीतर सगळ्यात खालच्या घराच्या बाथरूममधून उलटा वर येतो. पाणी जिथून आत जातं तिथून धूर बाहेर येतो, म्हणून ही टेस्ट.

गच्चीवरच्या व्हेंट पाइपमधून, म्हणजे ड्रेनेज लाइनीच्या हवेसाठी वर उघडा सोडलेल्या पाइपमधून, धूर निघाला तर ते बरोबर आहे, तिथून निघायलाच पाहिजे. पन्हाळीच्या पाइपमधून, पावसाळी गटाराच्या जाळीतून, अंगणातल्या मातीतून निघाला तर कुठेतरी चुकीचं कनेक्शन आहे किंवा पाइप फुटलाय. आणि घरात निघाला तर तुमच्या प्लंबिंगमध्ये घोळ आहे. आता चुका.

रोजच्या बाथरूममध्ये बादल्या ओतणं

नोटिशीत लिहिलेलं असतं की टेस्टच्या आधी ड्रेनमध्ये पाणी ओता. लोक काय करतात, तर जिथे रोज आंघोळ करतात त्याच बाथरूममध्ये आणखी दोन बादल्या ओततात. अहो, तिथला ट्रॅप भरलेलाच असतो की! प्रत्येक जाळीखाली, बेसिनखाली, कमोडमध्ये ट्रॅप असतो, त्यात साधारण ५० मिमी पाणी उभं राहतं आणि लाइनीतला वास, गॅस, धूर सगळं तेवढंसं पाणी अडवून धरतं. वापर असला तर ते आपोआप भरत राहतं. वापर नसला तर हळूहळू उडून जातं आणि काही आठवड्यांत ट्रॅप कोरडा. म्हणजे पाणी ओतायचं ते जिथे तुम्ही जातच नाही तिथे.

एका घरात काकूंनी मोठ्या हौसेने सगळीकडे पाणी ओतलं होतं, मला दाखवलंही, बाथरूम ओलंचिंब. धूर सोडला आणि भिंतीतल्या कपड्यांच्या कपाटातून पांढरे लोट यायला लागले. साड्यांच्या घड्यांमधून. काकू घाबरल्या, काका माझ्यावर चिडले की तुमच्या मशीनने आमचं घर पेटवलं. कपाट रिकामं केलं, तळाची फळी उचलली, तर खाली जुन्या बाथरूमची नहाणी, म्हणजे जमिनीतली पाणी जायची जाळी. कधीतरी आधीच्या मालकाने ते बाथरूम मोडून खोली वाढवली होती, कमोड काढून ते भोक बुजवलं होतं, पण नहाणीवर नुसती फळी टाकून वर कपाट बसवलेलं. ट्रॅप कधीचा वाळून खडखडीत. मग काका हळूच म्हणाले की या खोलीत कायम एक वास यायचा, आम्ही डांबराच्या गोळ्या ठेवायचो. गोळ्यांनी काय होणार, गॅस तर रोज येतच होता, फक्त दिसत नव्हता.

माझी सवय सांगतो. आदल्या दिवशी हातात बादली आणि पाण्याचा मग घ्यायचा आणि वरच्या मजल्यापासून खाली यायचं. पाहुण्यांचं बाथरूम, वॉशिंग मशीनखालची जाळी, तळघर, बंद खोलीतलं बेसिन, जिन्याखालचा संडास. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन मग पाणी, न वापरलेल्या कमोडला एकदा फ्लश. सकाळी निघण्याआधी परत एक फेरी. जिथे पुढेही वापर होणार नाही तिथे पाण्यावर चमचाभर मिनरल ऑइल सोडायचं, पाणी लवकर उडत नाही. खायचं तेल नको, ते खवट होतं. आणि पाणी ओतून तासाभरात ट्रॅप परत रिकामा दिसला तर तो गळतोय, ते आत्ताच कळलं हे बरं झालं.

व्हेंटला पिशवी बांधणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. एक गृहस्थ गच्चीवर गेले, व्हेंटमधून धूर येतोय बघून प्लॅस्टिकची पिशवी चढवली, वर सुतळीने करकचून बांधली, आणि खाली येऊन मला अभिमानाने सांगितलं की तुमचं लीकेज मी बंद केलं. तोवर त्यांच्याच वरच्या मजल्यावर धूर शिरला होता. सरळ आहे ना, बाहेर पडायचा मोकळा रस्ता बंद केला की दाब वाढतो आणि धूर दुसरी जागा शोधतो, तिथला कमजोर ट्रॅप सापडतो, सैल जोड सापडतो. पिशवी काढायला सांगितली, हो हो म्हणाले, काढली मात्र नाही.

पुढे काही महिन्यांनी त्यांचाच फोन. फ्लश केलं की बेसिनमधून गुडगुड आवाज येतो आणि बाथरूमला घाण वास मारतो. त्यांच्या प्लंबरने चोकअप समजून ॲसिड ओतलं, स्प्रिंग फिरवली, पैसे घेऊन गेला, आवाज तसाच. मी फक्त विचारलं, गच्चीवर गेला होतात का? पिशवी अजून तिथेच. व्हेंट नुसता गॅस बाहेर सोडायला नसतो, तो लाइनीत हवा आतही घेतो. फ्लशचं पाणी खाली धावताना मागे हवा लागते, व्हेंट बंद असला तर ती हवा जवळच्या ट्रॅपमधून ओढली जाते आणि ट्रॅपमधलं पाणीही सोबत जातं. पिशवी काढली, ट्रॅपमध्ये पाणी ओतलं, आवाज बंद, वास बंद. ॲसिडने काय साधलं ते त्या प्लंबरलाच माहीत.

बाकीच्या चुका पटापट.

एक्झॉस्ट फॅन चालू ठेवू नका. फॅन घरातली हवा बाहेर ओढतो, मग आत येणारी हवा जिथून मिळेल तिथून येते, ट्रॅपमधूनही. टेस्ट चालू असेपर्यंत बंद. धूर आलाच तर मात्र खिडक्या उघडा.

जाळीवर ओलं फडकं कोंबून वर टेप लावणारे पण असतात. धूर अडतो, दोषही लपतो, आणि उद्या फडकं काढलं की गॅस परत सुरू.

बेसिनचा वेस्ट पाइप किंवा वॉशिंग मशीनचा पाइप जमिनीतल्या भोकात नुसता खुपसलेला असेल तर शेजारच्या फटीतून धूर येणार, तिथे रबर ग्रोमेट, म्हणजे फट बुजवणारी रबरी रिंग, लावा. एसीच्या पाण्याचा पाइप थेट ड्रेनेजला जोडलेला असेल आणि मध्ये ट्रॅप नसेल तर धूर थेट बेडरूममध्ये. हा जोड देणारे मेकॅनिक धन्य आहेत.

घरात दम्याचा पेशंट, अंथरुणाला खिळलेलं माणूस, तान्हं बाळ असेल तर टीमला आधीच सांगा. बहुतेक वेळा मिनरल ऑइलसारखं लिक्विड तापवून हा धूर करतात, कुठे कुठे स्मोक कँडल, म्हणजे पेटवली की धूर सोडणारी कांडी, तीही वापरतात. कपड्यांना डाग पडत नाहीत, खिडक्या उघडल्या की थोड्या वेळात विरतो. पण घसा खवखवू शकतो, म्हणून मुद्दाम त्यात उभं राहून व्हिडिओ काढू नका. दम लागणाऱ्याने तेवढा वेळ बाहेर बसावं. फायर अलार्म असेल तर वाजू शकतो, बिल्डिंगच्या वॉचमनला सांगून ठेवा. अग्निशमन दलाला टीमने आधी कळवायचं असतं, पण टीमने कळवलं की नाही हे विचारायला तुम्हाला कोणी अडवलेलं नाही. आणि धुरासोबत जळका वास येत असेल तर टेस्ट आहे म्हणून गप्प बसू नका, ती खरी आग असू शकते.

उघड्या मॅनहोलमध्ये वाकून बघू नका. पोरांना तर अजिबात नाही.

थोडं टेस्ट करणाऱ्या आमच्या लोकांसाठी

नवीन सुपरवायझर लोकांना घाई फार. काल पाऊस पडलाय, माती ओली आहे, तरी आज टेस्ट. ओल्या मातीत फटी पाण्याने भरलेल्या असतात, धूर वर येतच नाही, आणि रिपोर्टमध्ये लिहून मोकळे, लाइन ओके. लाइन एखाद्या जागी खचून पोट आलं असेल आणि ते पाण्याने पूर्ण भरलं असेल तर धूर तिथेच थांबतो, पुढची सगळी घरं ओके! मी आधी व्हेंट बघतो. त्या तुकड्यातल्या प्रत्येक घराच्या व्हेंटमधून धूर आला तरच धूर पोचला असं धरायचं. एखाद्या घराचा येत नसेल तर तिथे थांबायचं, व्हेंट तुंबलाय का, घराबाहेर मध्ये ट्रॅप आहे का, की ते घर या लाइनीला जोडलेलंच नाही. यात वेळ जातो. जाऊ द्या. ब्लोअर फुल स्पीडला करून वेळ वाचवणाऱ्यांनी चांगल्या ट्रॅपमधूनही धूर काढून दाखवलाय आणि मग लोकांच्या शिव्या आम्ही खातो.

धूर घरात आला, मग?

खिडक्या उघडा, सगळे बाहेर, आणि टीमला नेमकी जागा सांगा. टीम येईपर्यंत काही हलवू नका, पुसू नका, लांबून एक फोटो घ्या. कमोडच्या बुडातून आला असेल तर खालचं सील गेलंय, कमोड उचलून सील बदलायला लागेल. प्लंबर कडेने पांढऱ्या सिमेंटची नाहीतर सिलिकॉनची रेघ मारून देतो म्हणेल, नाही म्हणा, गळती फरशीखाली चालूच राहते. "पण आम्हाला कधी वास आला नाही" हे सांगू नका. ड्रेनेजच्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो आणि नाक त्याला सरावतं, प्रमाण वाढलं तर वास यायचाच बंद होतो. मिथेन तर बिनवासाचाच.

आणि ज्यांच्याकडे धूर आलाच नाही त्यांनी फार खूश होऊ नये. गच्चीचं पाणी ड्रेनेजला जोडलंय आणि मध्ये पाण्याने भरलेला ट्रॅप आहे, तर धूर दिसणारच नाही. तिथे डाय टेस्ट करतात, पन्हाळीत रंगाचं पाणी सोडायचं आणि खालच्या मॅनहोलमध्ये ते येतंय का बघायचं. टीमने त्यासाठी परत दार वाजवलं तर "मागच्या वेळी झालंय ना" म्हणून परत पाठवू नका, ती वेगळी टेस्ट आहे.