चॉकलेटवर दुसऱ्या दिवशी पांढरे पट्टे येत असतील तर (माझा अनुभव)

घरच्या घरी चॉकलेटं करायचा छंद होता, राखीच्या ऑर्डरी घ्यायला लागले आणि प्रॉब्लेम सुरू झाला: साच्यातून काढताना छान, दुसऱ्या दिवशी वर पांढरे-करडे पट्टे, चकाकी गायब, तोडल्यावर कट्ट आवाज नाही. गिऱ्हाईकाला वाटतं बुरशी. ती बुरशी नसते, कोको बटर (चॉकलेटमधला स्निग्ध पदार्थ) वर येतं, खायला चालतं पण पैसे घेऊन असं देणं मला पटत नाही.

ब्रँड बदलला, साचे बदलले, फ्रीजमध्ये जास्त वेळ ठेवलं, रडकुंडीला आले होते.

काम झालं ते टेंपरिंगने (चॉकलेट ठराविक तापमानाला वितळवणं, गार करणं, परत किंचित गरम करणं), डिजिटल थर्मामीटर लावून. डार्क कुव्हर्चर (कोको बटर जास्त असलेलं चॉकलेट) बारीक चिरा, एक तृतीयांश बाजूला ठेवा. बाकीचं डबल बॉयलरवर ४५ अंशापर्यंत वितळवा, भांड्याला खालचं पाणी लागू देऊ नका. खाली उतरवून भांड्याचं बूड पुसा (एक थेंब पाणी आत गेलं की सगळं घट्ट गोळा). मग बाजूचा चुरा थोडा थोडा घालत, सतत ढवळत २८ पर्यंत आणा. परत काही सेकंद वाफेवर धरून ३१-३२, त्याच्या वर नाही. मिल्क असेल तर २९-३०. सुरीच्या टोकावर थोडं लावून बघा, पाचेक मिनिटांत चकचकीत सेट झालं तरच साच्यात ओता.

फ्रीजमध्ये १०-१५ मिनिटं पुरे. आणि पावसाळ्यात काढल्या काढल्या हवेत उघडं ठेवू नका, पाणी धरतं, साखर विरघळून परत पांढरं होतं, ते हाताला खरखरीत लागतं.

कंपाउंडला (कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तूप घातलेलं चॉकलेट) टेंपरिंग लागत नाही, पण चवीत फरक पडतोच.