वापरलेला हार्नेस अंगाला बसतो का, हे कसं पाहायचं

स्कायडायव्हिंगची वापरलेली रिग, म्हणजे पॅराशूटचा सगळा संच, घेताना नवखे लोक आधी कॅनॉपीचा (पॅराशूटच्या छत्रीचा) आकार आणि झालेल्या जंप विचारतात. पहिला प्रश्न हार्नेसच्या, म्हणजे अंगाला बांधायच्या पट्ट्यांच्या, मापाचा हवा. कॅनॉपी बदलता येते. हार्नेस मात्र बहुतेक वेळा पहिल्या मालकाच्या अंगावर बेतून शिवलेला असतो आणि नुसते पट्टे आवळून तो आपल्या मापाचा होत नाही.

विकणाऱ्याची उंची आपल्याइतकीच आहे, एवढ्यावर विसंबू नका. खरं माप मेन लिफ्ट वेबचं, म्हणजे थ्री-रिंगच्या (मुख्य कॅनॉपी हार्नेसला जोडणाऱ्या खांद्याजवळच्या तीन कड्यांच्या) मोठ्या कडीपासून कंबरेकडे उतरणाऱ्या उभ्या पट्ट्याचं. सारख्या उंचीच्या दोघांत एकाचं धड लांब असतं, दुसऱ्याचे पाय. सिरीयल नंबर कळवला की उत्पादकाकडून मूळ मापं मिळू शकतात. दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडू नका, मोजण्याची पद्धत वेगळी असते.

रिग घालून बघताना अंगात नेहमीचा जंपसूट हवा. लेग स्ट्रॅप जांघेत अगदी वर चढवून आवळा, मग चेस्ट स्ट्रॅप लावा आणि ताठ उभे राहा. मोठ्या कड्या कॉलरबोनच्या किंचित खाली, खांद्याच्या खळग्यात आल्या पाहिजेत. खांदे खाली ओढले जाऊन पाठीला पोक येत असेल, तर हार्नेस आखूड आहे. खांद्यावरचा पट्टा उचलल्यावर कानाकडे सहज सरकत असेल, तर लांब. आखूडपणा अंगाला लगेच टोचतो. लांब हार्नेस जमिनीवर छान सैलसर वाटतो, म्हणून लोक त्यालाच फसतात. चांगला बसणारा हार्नेस उभं असताना थोडा घट्टच लागतो.

लांबीचा खरा त्रास लटकल्यावर कळतो. वजन लेग स्ट्रॅपवर येतं, शरीर खाली बसतं आणि वरचा सगळा भाग चढतो. चेस्ट स्ट्रॅप गळ्याशी येतो. कटअवे (बिघडलेली मुख्य कॅनॉपी सोडून देणारं) आणि रिझर्व्हची (राखीव पॅराशूट उघडणारं) हँडल जमिनीवर जिथे दिसली होती तिथून हलतात. बिघडलेल्या कॅनॉपीखाली हात सवयीच्या जागी जाईल, हँडल तिथे नसेल. म्हणून रिगरच्या (पॅराशूट तपासणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाच्या) देखरेखीखाली रायझरला, म्हणजे हार्नेसपासून कॅनॉपीच्या दोऱ्यांकडे जाणाऱ्या पट्ट्यांना, लटकून बघाच, पाय जमिनीपासून वीतभरच वर ठेवून. आधी नजर हँडलवर, मग हात. फक्त स्पर्श करा, ओढू नका: कटअवे ओढलं तर रायझर सुटून तुम्ही खाली पडाल, रिझर्व्हचं ओढलं तर रिझर्व्ह उघडेल आणि पुन्हा पॅक करावा लागेल.

लॅटरल, म्हणजे कंबरेजवळून कंटेनरकडे (पॅराशूट ठेवलेल्या पाठीवरच्या पिशवीकडे) जाणारे आडवे पट्टे, बरेच जण बघतच नाहीत. पोटावर झोपून आर्च करा (पाठ कमानीसारखी वाकवा) आणि दुसऱ्या कोणाला कंबरेमागे हात घालायला सांगा. पाठ आणि कंटेनरमध्ये मूठ मावत असेल, तर लॅटरल लांब आहेत. असा कंटेनर फ्रीफॉलमध्ये (कॅनॉपी उघडण्याआधी पडताना) डुलतो, सिट-फ्लायमध्ये, म्हणजे बसल्यासारखं पडताना, तर पाठीपासून सुटाच होतो. आर्चमध्येच उजवा हात मागे नेऊन पायलट शूटच्या (मुख्य कॅनॉपी बाहेर ओढणाऱ्या छोट्या छत्रीच्या) हँडलपर्यंत पोहोचतो का तेही पाहा. कंटेनर लांब आणि हात आखूड असतील, तर इथेच अडतं.

लेग स्ट्रॅप पूर्ण ओढूनही सैल राहिला आणि बकल पॅडला टेकलं, तर आणखी आवळायला जागाच उरत नाही. जाड मांडीवर उलट होतं, बकलबाहेर पट्ट्याचं टोक फार थोडं उरतं. ताण दिल्यावर पट्टा बकलमधून सरकतो का, हेही हाताने झटके देऊन बघा. सरकत असेल तर पट्टा किंवा बकल झिजलेलं असू शकतं.

लेबलवरची वजनमर्यादा तुमच्या वजनात कपडे आणि रिगचं वजन मिळवून तपासा. रिझर्व्ह तुमच्या वजनाला पुरेसा मोठा नसेल, तर हार्नेस कितीही छान बसला तरी ती रिग नको.

माप थोडंच चुकत असेल, तर मेन लिफ्ट वेब किंवा लॅटरल बदलता येतात. पण हे काम उत्पादकाचं किंवा मोठ्या दुरुस्तीचा परवाना असलेल्या मास्टर रिगरचं, साध्या शिवणयंत्रावरचं नव्हे. त्याचा खर्च आणि लागणारा वेळ रिगरकडून आधी विचारून घ्या, आणि तो आकडा किमतीत धरूनच विकणाऱ्याशी बोला.