‘कोल्ड एअर’ची नळी घेण्याआधी मूळ डबा उघडून बघा

महिन्यातून एकदा तरी कोणीतरी मोबाईल माझ्यापुढे धरतो. त्यात अमेरिकेतला अवाढव्य पिकअप ट्रक, वर केलेलं बॉनेट, चकचकीत ॲल्युमिनियमची नळी आणि तिच्या टोकाला लाल शंकूसारखा फिल्टर. कंपनीच्या फिल्टरच्या डब्याऐवजी बसवायचं हेच ते ‘कोल्ड एअर’ किट. ‘दादा, हे आपल्या गाडीला बसवलं तर पिकअप वाढेल का?’ नाही वाढणार. पण नुसतं ‘नाही’ म्हटलं की समोरचा दुसऱ्याच रविवारी बसवून येतो, म्हणून सविस्तर लिहितोय. माझ्या दोन पिकअप आणि एक सहाचाकी आहे. राहतो कळव्यात, गाड्या खारेगावला लागतात आणि फेऱ्या भिवंडी, तुर्भे, तळोजा. ती नळी मी एकदा पदरमोड करून बसवली आणि त्याहून जास्त पैसे घालून काढली. सगळं टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या डिझेल गाड्यांबद्दल आहे, कारण इथे माल वाहणाऱ्या बहुतेक गाड्या त्याच आहेत.

पायरी १ : गाडी हवा कुठून घेते ते शोधा

फिल्टरच्या डब्यात शिरणारी नळी हाताने चाचपत उलट जा. पिकअपमध्ये तिचं तोंड जाळीमागे, हेडलाईटशेजारी नाहीतर मडगार्डच्या पोकळीत निघेल. मोठ्या ट्रकमध्ये केबिनमागे, चांगलं उंचावर. म्हणजे बाहेरची थंड हवा गाडी आधीपासूनच घेतेय. बाजारातल्या किटमध्ये उलट तो शंकू बऱ्याचदा बॉनेटखाली उघडाच बसतो आणि इंजिनाने तापवलेली हवा ओढतो. विश्वास नसेल तर फिशटँकला लावतात तसा वायरवाला थर्मामीटर आणा. त्याचं टोक एकदा मूळ तोंडाशी आणि एकदा शंकू बसणार त्या जागी टेपने चिकटवा आणि संध्याकाळी शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास काढा. आकडा बघून तुमचं तुम्हालाच कळेल.

पायरी २ : थंड हवेचा फायदा नेमका किती, ते समजून घ्या

हवा साधारण ३ अंशांनी थंड झाली की सुमारे १ टक्का दाट होते, हे खरं. पण टर्बो हीच हवा दाबताना तिला भाराखाली शंभर अंशांच्या वर सहज नेतो आणि पुढे इंटरकूलर ती निववतो. तोंडाशी कमावलेले चार-पाच अंश या रगाड्यात बहुतेक हरवतात. शिवाय डिझेलची ताकद ठरते ती आत किती डिझेल फवारलं जातं यावर, आणि ते ठरवतो ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. तुम्ही हवा थोडी वाढवलीत म्हणून तो डिझेल वाढवून देत नाही. अमेरिकेतल्या त्या व्हिडिओंमध्ये बऱ्याचदा मोठी पेट्रोल इंजिनं असतात आणि पॉवर मोजतात ॲक्सिलरेटर तळाला दाबून, चढ्या आरपीएमवर. आपली भरलेली गाडी गायमुखचा चढ चढते तेव्हा इंजिन त्याच्या निम्म्यावरही नसतं. मग पिकअप वाढल्यासारखा का वाटतो? आवाजामुळे. डबा गेला की हवा ओढल्याचा आवाज मोठा होतो आणि कान पायाला फसवतात. मीही आठ दिवस फसलो होतो.

पायरी ३ : फिल्टर खरंच चोक झालाय का ते बघा

ट्रकच्या डब्यावर इंडिकेटर असतो. लाल पट्टी आली की बदला, आली नसेल तर डबा बंदच ठेवा. पिकअपला इंडिकेटर नसेल तर किलोमीटर आणि कामाची धूळ बघून बदला. नुसता काळा दिसतो म्हणून फेकू नका, थोडा मळलेला फिल्टर कोऱ्यापेक्षा बारीक धूळ जास्त अडवतो.

पायरी ४ : फिल्टर आणि टर्बोच्या मधली गळती शोधा

इथे माझे पैसे बुडाले आणि इथेच निम्मे मेकॅनिक डोळेझाक करतात, तेव्हा सावकाश वाचा.

टर्बोच्या पुढची, इंजिनाकडे जाणारी नळी दाबाखाली असते. ती फुटली तर शिट्टी वाजते, काळा धूर येतो, गाडी ओढत नाही, ड्रायव्हर त्याच दिवशी फोन करतो. फिल्टर ते टर्बो ही नळी मात्र ओढीखाली असते. तिथे फट पडली तर आवाज नाही, धूर नाही, ॲव्हरेजही तेच. फक्त न गाळलेली धूळ थेट टर्बोच्या पंख्यावर आणि तिथून सिलिंडरमध्ये. महिनोन्‌महिने काही कळत नाही आणि मग एकदम ऑईल खायला लागते.

माझं तसंच झालं. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापत होते तेव्हा माझी पिकअप त्या बाजूला रोज जायची. रस्त्यावर पिठासारखी धूळ. गाडीत नवी नळी होती आणि शंकू तर चकाचक धुतलेला. चार महिन्यांत इंजिनातून बारीक किणकिण यायला लागली. टर्बो उघडला तर पंख्याच्या पात्यांच्या कडा पॉलिश पेपरने घासल्यासारख्या पातळ झालेल्या. कारण सापडलं ते एवढंसं : नळीच्या टोकाला जो उंचवटा असतो, त्याच्या मागे क्लिप आवळायची असते. बसवणाऱ्याने ती उंचवट्यावरच आवळली होती. वरून घट्ट, बोटाने हलेना, पण खालच्या अंगाला नखाएवढी फट. गॅरेजवाल्याने हात वर केले, किटवाला म्हणाला आमचा माल ओके आहे. टर्बो माझ्या खिशातून.

तपासायचं असं. इंजिन बंद आणि थंड. फिल्टर काढण्याआधी डब्याच्या बाहेरची धूळ ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर तीच आत पडते. आता फिल्टरच्या पलीकडे, टर्बोकडे जाणाऱ्या नळीत पांढरं सुती फडकं बोटाला घट्ट गुंडाळून फिरवा. फडकं आत सोडू नका आणि तिथे हवा मोजणारा सेन्सर असेल तर त्याला अजिबात शिवू नका. फडक्यावर ऑईलचा पुसट डाग आला तर घाबरू नका, बऱ्याच गाड्यांत इंजिनाचा वाफारा तिथेच सोडलेला असतो. बोटांत चोळल्यावर करकरणारी माती लागली तर मात्र गाडी दुसऱ्या दिवशीच्या फेरीला पाठवू नका.

मग रबरी होज पूर्ण सुटा करून हातात घ्या आणि उन्हात एकेक घडी वाकवून उघडून बघा. तडा जवळजवळ नेहमी खालच्या अंगाला, घडीच्या खोबणीत असतो आणि गाडीवर असताना दिसत नाही. दिसला तर होज बदला. टेप गुंडाळू नका, सिलिकॉन फासू नका. गळती शोधायला स्टार्टिंग स्प्रे मारायचा सल्ला कोणी दिला तर त्याला गाडीपासून लांब ठेवा. डिझेल इंजिन तो स्प्रेच इंधन म्हणून ओढतं आणि आतून जबर ठोका बसतो.

शेवटी फिल्टरची रबरी कड बघा. कडेवर सगळीकडे सारखा दबल्याचा ठसा हवा. एका जागी ठसा तुटलाय आणि तिथून धुळीची रेघ आत गेलीय, असं असेल तर डबा वाकलाय किंवा फिल्टर डुप्लिकेट आहे. ग्रीस थापून फट बुजवायची जुनी सवय सोडा.

पायरी ५ : नवा फिल्टर

गाडीच्या पार्ट नंबरचाच घ्या. जुना टायरवर आपटू नका, पंक्चरवाल्याची हवाही मारू नका, कागद फाटतो आणि डोळ्यांना दिसत नाही. दोन फिल्टरवाल्या गाडीत आतला लहान फिल्टर कधीच साफ करायचा नसतो, बाहेरचा तीनदा बदलला की आतला एकदा बदला.

पायरी ६ : तरीही बसवायचीच असेल तर

हौसेला मोल नाही, पण दोन गोष्टी ऐका. तेल लावायचा कापडी फिल्टर असेल तर तेल हात आखडूनच लावा. जास्तीचं तेल उडून हवेच्या सेन्सरच्या तारेवर बसतं, रीडिंग चुकतं आणि चेक लाईट लागते. बीएस सहा गाडीला असे चाळे परवडत नाहीत, आणि वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला नकार द्यायला आयतं निमित्त मिळतं.

दुसरी गोष्ट पाऊस. हवा थंड मिळावी म्हणून काही किटमध्ये फिल्टर बंपरमागे खाली टांगतात. असली गाडी जुलैत कळंबोलीत किंवा ठाण्यात वंदना टॉकीजपाशी घालून बघा. पाणी दाबलं जात नाही. डिझेलच्या सिलिंडरमध्ये वर जागाच इतकी थोडी असते की कपभर पाणीसुद्धा कनेक्टिंग रॉड वाकवायला पुरतं. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका, ढकला, टो करा, काहीही करा. इंजिनात पाणी गेल्याचं नुकसान साध्या इन्शुरन्समध्ये सहसा बसत नाही, इंजिनाचं वेगळं कव्हर घेतलेलं लागतं. म्हणून तोंड मूळ जागेच्या खाली आणू नका आणि मूळ डबा भंगारात देऊ नका. मी माळ्यावर ठेवला होता, म्हणून वाचलो.

पायरी ७ : डबा बंद करताना

सगळ्या क्लिपा लागल्या का ते बघू नका, हाताने ओढून बघा. झाकणावर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहा आणि खाली ठळक लिहा : ‘विचारल्याशिवाय उघडू नये’. माझ्या एका ड्रायव्हरला दर सोमवारी फिल्टर झटकायची सवय होती, बिचारा चांगल्या मनानेच करायचा. प्रत्येक वेळी चिमूटभर धूळ पलीकडे जायची.