नवा डेस्कटॉप वापरून बघायचाय? आधी नवं यूजर खातं उघडा

लिनक्सवर डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावर दिसणारा मेन्यू, पॅनल, खिडक्यांचा सगळा साज, बदलण्यासाठी सगळी सिस्टिम नव्याने टाकायची गरज नसते. ग्नोम, केडीई प्लाझ्मा, एक्सएफसीई, सिनॅमन असे वेगवेगळे डेस्कटॉप एकाच मशीनवर गुण्यागोविंदाने नांदतात. गडबड होते ती होम फोल्डरमध्ये. प्रत्येक डेस्कटॉप आपल्या सेटिंग तिथल्या लपलेल्या फोल्डरांत लिहितो आणि त्यातल्या काही फायली सामाईक असतात. प्लाझ्मात थीम बदलली की जीटीकेच्या (ग्नोम, एक्सएफसीईची ॲप्स ज्यावर बनतात त्या टूलकिटच्या) सेटिंगही बदलतात. मग जुन्या डेस्कटॉपवर परतल्यावर फाँट, आयकॉन, कर्सर भलतेच दिसतात. म्हणून प्रत्येक डेस्कटॉपसाठी वेगळं खातं उघडा. दोन मिनिटांचं काम आहे, पण नंतरचा सगळा मनस्ताप वाचतो.

नुसती तोंडओळख हवी असेल तर लाइव्ह पेनड्राइव्ह पुरे, त्यावरून लिनक्स इन्स्टॉल न करताच चालतं. व्हेंटॉय हे टूल वापरलंत तर एकाच पेनड्राइव्हवर तीन-चार आयएसओ (लिनक्सच्या इन्स्टॉलर फायली) नुसत्या कॉपी करून ठेवता येतात. व्हर्च्युअल मशीनवरून (कंप्युटरच्या आत चालणाऱ्या आभासी कंप्युटरवरून) मात्र वेगाचा निकाल देऊ नका. तिथे थ्रीडी ॲक्सिलरेशन बंद असेल तर ग्राफिक्सचं काम प्रोसेसरवर येतं आणि ग्नोम, प्लाझ्मा उगाच रखडतात.

प्रत्यक्ष टाकताना पहिलं काम टाइमशिफ्ट या ॲपने स्नॅपशॉट, म्हणजे बिघडल्यास परतता येईल अशी सिस्टिमची प्रत, घेण्याचं. त्यात होम फोल्डर आपोआप धरला जात नाही, तेव्हा कागदपत्रांचा बॅकअप वेगळा घ्या. मग पॅकेज निवडा, आणि इथे घाई नको. उबंटूवर 'कुबंटू-डेस्कटॉप' घेतलंत तर ढीगभर ॲप्सही येतात. 'केडीई-प्लाझ्मा-डेस्कटॉप' त्यामानाने आटोपशीर आहे. एक्सएफसीईसाठीही 'झुबंटू-डेस्कटॉप'पेक्षा 'एक्सएफसीई४' बरं. इन्स्टॉल चालू असताना मध्येच पडद्यावर प्रश्न येऊ शकतो: डिस्प्ले मॅनेजर कोणता, जीडीएम३ की एसडीडीएम? हा फक्त लॉगिनचा पडदा आहे. आधीचाच ठेवा, दोन्ही डेस्कटॉप त्यातून चालू होतात.

आता लॉगआउट करा. जीडीएममध्ये नावावर क्लिक केल्यावर, पासवर्ड टाकायच्या आधी, खाली उजव्या कोपऱ्यात दातेरी चाक दिसतं. सेशनची, म्हणजे कोणत्या डेस्कटॉपमध्ये शिरायचं त्याची, यादी तिथे असते. प्लाझ्माच्या नावापुढे वेलँड आणि एक्स११ (पडद्यावर चित्र उमटवण्याची नवी आणि जुनी पद्धत) असे दोन पर्याय दिसले तर आधी वेलँड घ्या; स्क्रीन शेअरिंग किंवा एखादं जुनं ॲप अडलं तर एक्स११.

पडदा काळाच राहिला तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. मजकुरी कन्सोल उघडेल. तिथे लॉगिन करून मशीन रीस्टार्ट करा आणि जुनं सेशन निवडा.

नवा डेस्कटॉप काढताना नुसतं मुख्य पॅकेज काढून भागत नाही, कारण ते बहुधा बाकीच्यांची यादी असलेलं पोकळ पॅकेज असतं. त्यानंतर टर्मिनलमध्ये 'एपीटी ऑटोरिमूव्ह' ही नको असलेली पॅकेजेस काढणारी आज्ञा चालवा. 'वाय' दाबण्याआधी यादी शेवटपर्यंत वाचा: तुमच्या नेहमीच्या डेस्कटॉपचं किंवा डिस्प्ले मॅनेजरचं नाव त्यात असेल तर तिथेच थांबा. काय-काय आलं होतं ते व्हार, लॉग, एपीटी या फोल्डरमधल्या हिस्टरी लॉगमध्ये तारखेसकट सापडतं. शेवटी चाचणीचं खातं होम फोल्डरसकट उडवा.