इंदूरहून फ्रान्सच्या डोंगरात सायकल : रूट कसा आखायचा

आपल्या रविवारच्या राइडला कोणी फ्रान्सचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला, रोज किती किलोमीटर मारायचे? मी दर वेळी एकच सांगते, किलोमीटर बाजूला ठेवा आणि चढाई मोजा. सुपर कॉरिडॉरवर शंभर किलोमीटर सहज काढणारी मंडळी आपल्याकडे भरपूर आहेत, पण तिकडच्या डोंगराळ भागात साठ किलोमीटरमध्ये हजार-बाराशे मीटर चढ सहज निघतो आणि मग तेच साठ किलोमीटर अख्खा दिवस खातात.

हिशोब सोपा आहे. मोबाइलवर कुठल्याही रूट अ‍ॅपमध्ये रस्ता काढा, एकूण चढाई बघा आणि तिला किलोमीटरने भागा. किलोमीटरमागे दहा मीटरच्या आत आलं तर आरामाचा दिवस, वीसच्या आसपास गेलं तर तो डोंगराचा दिवस समजा आणि दुसऱ्या दिवशी हलकं ठेवा. वेळ काढताना तासाला ५०० मीटर चढाई धरा, त्याहून जास्त नका धरू. म्हणजे १,६०० मीटरचा चढ असेल तर तीन तासांच्या वर नुसतं चढणं, त्यात पाणी-फोटो-दम खाणं वेगळं.

दुसरं म्हणजे रोज सामान बांधून नव्या गावी जायचं हा प्लॅन पहिल्या ट्रिपला नकोच. एक गाव धरा, आठवडाभर तिथेच खोली घ्या आणि तिथून निघून तिथेच परत येणारे गोल रूट आखा. पाय भरून आले तर छोटा गोल मारता येतो, हवा बिघडली तर डोंगराचा दिवस उद्यावर ढकलता येतो, आणि मुख्य म्हणजे सायकलवर ओझं नसतं.

रस्ता निवडताना एवढं लक्षात ठेवा, ‘ए’ नंबरचे मोटरवे सायकलला बंदच असतात, ‘एन’चे मोठे हायवे टाळा, आणि ‘डी’ नंबरचे म्हणजे जिल्ह्याचे रस्ते पकडा. मिशेलिनचा कागदी नकाशा मिळाला तर जरूर घ्या, त्यात लाल रस्ता गर्दीचा, पिवळा मधला, पांढरा लहान. आणि ज्या रस्त्याला हिरवी कड काढलेली असते तो देखणा. चढाचे बाण पण असतात, एक बाण म्हणजे साधारण ५ ते ९ टक्के, दोन बाण ९ ते १३, तीन बाण त्याहून खडा. बाणाचं टोक चढाच्या दिशेला असतं, त्यामुळे कुठल्या बाजूने चढायचं आणि कुठून उतरायचं हे चहा पिता पिता ठरवता येतं. अ‍ॅप असलं तरी मला हा नकाशा लागतोच, कारण पूर्ण प्रदेश एका नजरेत दिसतो.

आता गाव कुठलं? मी तर पहिल्यांदा जाणाऱ्याला दक्षिण फ्रान्समधलं प्रोव्हान्सच सांगते, मों व्हाँतू डोंगराच्या पायथ्याचं बेद्वाँ. नाव ऐकून घाबरू नका, पहिल्याच दिवशी व्हाँतू चढायचाच नाहीये. पहिला गोल नेस्क नदीच्या घळीचा घ्या. बेद्वाँच्या दक्षिणेला व्हील-सुर-ओझों नावाचं छोटं गाव आहे, तिथून डी ९४२ रस्ता घळीच्या कडेकडेने वर जातो. चढ इतका हळू की दोन-तीन टक्क्यांच्या पुढे फारसा जात नाही, गप्पा मारत चढता येतो. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला खोल दरी, मध्ये कातळ फोडून काढलेले लहान बोगदे, आत दिवे नाहीत म्हणून मागचा लाल लाइट चालू ठेवाच. बाहेरच्या कडक उन्हातून आत शिरलं की दोन सेकंद काहीच दिसत नाही, त्यामुळे गॉगल आधीच नाकावर खाली ओढा. ७३४ मीटरवर कास्तेलारासचा व्ह्यूपॉइंट येतो, तिथे थांबायचंच. समोरचा सरळसोट कडा बघताना मला आपल्या मांडूहून खाली निमाड दिसतं ते आठवलं, फक्त इथला कडा अंगावर येतो.

पुढे सो नावाचं गाव, टेकाडावर वसलेलं, जुलैमध्ये खाली सगळी लॅव्हेंडरची जांभळी शेतं. परतीला डी १ ने कोल दे आबेय ही ९९६ मीटरची खिंड ओलांडून खाली उतरा. म्हणजे एका गोलात लांब सोपा चढ, एक खिंड, आणि मोठा उतार सगळं मिळतं.

दोन-तीन दिवसांनी पाय तयार झाले की व्हाँतू. उंची १,९०० मीटरच्या वर आणि डांबरी रस्ते तीन. बेद्वाँहून २१ किलोमीटरमध्ये जवळपास १,६०० मीटर, त्यातही सँ-एस्तेव्हच्या वळणानंतर जंगलातला जो पट्टा आहे तो आठ-नऊ किलोमीटर सलग ९-१० टक्क्यांचा, मध्ये श्वास घ्यायला सपाट जागा नाही. मालोसेन गावाहून येणारा रस्ता साधारण तेवढाच कठीण. सो गावाहून मात्र २६ किलोमीटर आणि चढ निवांत, वाटेतल्या शाले रेनार या ठिकाणापर्यंत तर मजेत जाता येतं, तिथून शेवटचे सहा किलोमीटर बेद्वाँच्याच रस्त्याचे, उघडे पांढरे दगड आणि वारा. पहिल्या वेळेला सोहूनच चढा, यात कमीपणा काही नाही, शिखर तेच आहे. शिखराच्या दीडेक किलोमीटर आधी ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसनचं स्मारक दिसेल, १९६७ च्या टूर द फ्रान्समध्ये १३ जुलैला भर उन्हात तो इथेच कोसळला आणि गेला, त्याच्या शरीरात उत्तेजक औषधही सापडलं होतं. तिथे थांबून नमस्कार करा आणि स्वतःची बाटली तपासा. मिस्ट्राल वारा जोरात असेल तर त्या दिवशी वर जाऊ नका. हिवाळ्यात वरचा रस्ता बर्फामुळे बंद असतो, जून किंवा सप्टेंबर उत्तम. आणि जून असला तरी वर पायथ्यापेक्षा दहा-एक डिग्री कमी, उतरताना घामेजलेल्या अंगाला जो वारा लागतो त्याने हात गोठतात, म्हणून विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे ग्लव्ह्ज खिशात हवेतच.

गिअरबद्दल भिडस्तपणा अजिबात नको. पुढे ५०/३४ दातांच्या चकत्या आणि मागे ११-३४ दातांच्या मागून घ्या. पुढे-मागे ३४ लावलं की पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एक फेरा, मिनिटाला साठ फेरे मारले तरी ताशी साडेसात किलोमीटरने वर सरकता आणि गुडघे शाबूत राहतात. सँत-एतिएनचे पॉल द व्हिव्ही, ज्यांना सगळे व्हेलोसिओ म्हणत, त्यांनी डोंगरासाठी गिअर हवेत हे आयुष्यभर सांगितलं, पण टूरमध्ये डिरेलरला, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेला, परवानगी मिळाली थेट १९३७ साली, ते गेल्यानंतर सात वर्षांनी.

ट्रॅफिक उजव्या बाजूने. सरळ रस्त्यावर सवय होते, चूक होते ती सकाळी रिकाम्या रस्त्यावर निघताना आणि डावीकडे वळताना, तेव्हा जपा. बहुतेक गोल चौकांत आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं. गावांमध्ये एक वेगळाच नियम, बोर्ड नसेल तर उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याचा हक्क आधी, त्यामुळे घरांच्या रांगेत वेग कमी. हिऱ्याच्या आकाराचा पिवळा बोर्ड दिसला तर तुमच्या रस्त्याचा हक्क आधी. इअरफोन लावून चालवायला कायद्याने बंदी आहे, घंटी सक्तीची, आणि गावाबाहेर अंधारात चमकणारं जॅकेट घालावंच लागतं. ‘ग्राव्हियों’ असं लिहिलेला बोर्ड म्हणजे नव्या डांबरावर सुटी खडी, तिथे उतारावर ब्रेक आधीच मारा.

पाणी गावच्या कारंज्यावर मिळतं, फक्त ‘नों पोताब्ल’ लिहिलं असेल तर पिऊ नका. कारंजं नसेल तर कबरस्तानात नळ असतो, सायकलवाले सगळे तिथेच भरतात. दुकानं दुपारी बंद, रविवारी दुपारनंतर तर बहुतेक सगळंच बंद, म्हणून सकाळीच बेकरीतून पाव-चीज घ्या. आपली शेंगदाणा चिक्की आणि खजूर बरोबर असू द्या, शाकाहारी माणसाला लांब चढावर त्याहून भरवशाचं काही नाही.

तयारी इथेच होते. महूहून जाम गेट उतरून मंडलेश्वरला चहा घ्या आणि तोच घाट परत चढून या, निमाडातून माळव्यात येणारा हा चढ आपल्या आसपासचा सगळ्यात कामाचा. जानापावचा शेवटचा तुकडा छोटा पण खडा, तिथे दोन-तीनदा वर-खाली करा. मानपूरचा घाट मात्र ट्रकमुळे नकोच. उन्हाळ्यात पहाटे पाचला निघून नऊच्या आत घरी.

व्हिसासाठी ३०,००० युरोच्या कव्हरचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतोच, अर्ज लवकर करा. पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान ट्रेनने आव्हिन्यों, तिथून लोकल ट्रेनने कार्पांत्रा, पुढे बेद्वाँ पंधरा किलोमीटर. सायकल तिथेच भाड्याने घ्या, विमानात नेण्याचा व्याप वाचतो, पण पेडल, शूज आणि हेल्मेट स्वतःचं न्या. सायकल हातात आली की दुकानासमोरच कुठला लिव्हर पुढच्या ब्रेकचा ते दाबून बघा, आपल्या सायकलपेक्षा उलटं असू शकतं. आणि पेडल बसवताना डावं उलट्या आट्यांचं असतं, जोर लावायच्या आधी हाताने फिरवून बघा.