कोकणात नवी पिकअप घेताना कंपनी कशी ठरवावी

रत्नागिरीजवळ हातखंब्याच्या तिठ्यावर माझं गॅरेज आहे. मुंबई-गोवा महामार्ग आणि कोल्हापूरचा रस्ता इथेच मिळतात, त्यामुळे आंब्याच्या पेट्या, मिरकरवाड्याची मासळी, चिरा, सिमेंट, मंडपाचं सामान, काय वाट्टेल ते वाहणाऱ्या पिकअप माझ्या दारावरून जातात आणि कधी ना कधी माझ्याकडे येऊन उभ्याही राहतात. दिवाळी झाली की विचारणारे सुरू होतात. "भाऊ, नवी घ्यायचीय. महिंद्रा घेऊ, टाटा घेऊ की लेलँड?" मी उलट विचारतो: माल कुठला भरणार, आणि एप्रिलमध्ये गाडी बसली तर पार्ट कुठून आणणार? याची उत्तरं खरी दिली, तर कंपनी ठरायला वेळ लागत नाही.

मालाचं वजन आधी काट्यावर करून घ्या. अंदाज चालत नाही. जांभ्या दगडाचा चिरा बघा. एक चिरा तीस किलोच्या घरात जातो, पावसात भिजला की त्याहून जड. पन्नास चिरे म्हणजे दीड टन, आणि ते हौद्यात दोन थरांतच बसतात. हौदा अर्धा रिकामा दिसतो म्हणून माणूस आणखी वीस भरतो, आणि पाटे, म्हणजे मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, उलटे वाकतात. आंब्याच्या पेट्यांचं नेमकं उलटं. जागा आधी संपते, वजन मागे राहतं. त्यामुळे चिरेवाल्याने पाटे, चेसिस आणि टायर बघायचे, आंबेवाल्याने हौद्याची लांबी. दोघांनी एकाच गाडीचं कोटेशन घेऊन फिरण्यात अर्थ नाही.

ब्रोशरमध्ये 'पेलोड' लिहिलेला असतो, तो साध्या हौद्यासकट असतो. तुम्ही वरून मासळीसाठी बंद इन्सुलेटेड बॉडी बांधलीत की बॉडीचं जादा वजन त्यातूनच वजा होतं. म्हणून बॉडीवाल्याकडून वजन लिहून घ्या आणि मग हिशोब करा. दुसरा आकडा बघायचा तो गाडी अधिक माल मिळून एकूण वजनाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे हे एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही. टाटाच्या इंट्रा व्ही ५० चं एकूण वजन २,९४० किलो ठेवलंय, त्यामागे हाच हिशोब. पावणेदोन-दोन टनांच्या पिकअप या मर्यादेच्या वर जातात, त्यांना परमिट काढावं लागतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त घेण्याआधी माहीत पाहिजे. आणि ओव्हरलोड पकडला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनामागे २,०००. एका भाड्यात जे मिळतं त्यापेक्षा हे कितीतरी जास्त आहे. लायसनची काळजी मात्र करू नका. साडेसात टनांच्या आतली मालगाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं आहे.

आता गाड्यांकडे. आमच्या भागात प्रश्न मुख्यतः तीन कंपन्यांचाच असतो.

महिंद्राची बोलेरो मॅक्स पिकअप म्हणजे अडीच लिटरचं चार सिलिंडर डिझेल इंजिन, पुढे बॉनेट, मागे जाड पाटे. सव्वा टनापासून दोन टनांपर्यंत मॉडेलं आहेत. मोठं इंजिन हळू फिरत असतानाही ओढतं, त्यामुळे चिरेखाणीतून भरलेली गाडी वर काढताना क्लचवर कमी ताण येतो. टाटाची योद्धा याच जातीची. तिचं इंजिन २.२ लिटरचं, ताकद १०० अश्वशक्तीच्या आसपास, टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, २५० एनएम, आणि ती दोन टनांपर्यंत मिळते. कातळावरच्या बागेत जिथे रस्ता नावालाच आहे, तिथे या दोनच गाड्यांचा विचार करावा असं माझं मत आहे.

टाटा इंट्रा वेगळी. दीड लिटरचं इंजिन, केबिन पुढे, बॉनेट जवळजवळ नाही. व्ही ३० तेराशे किलो घेते, व्ही ५० दीड टन. दोन्हींचं इंजिन मापाने सारखंच, पण व्ही ३० चा टॉर्क १४० एनएम आणि व्ही ५० चा २२०. घाटात हा फरक पायाखाली कळतो. सपाटीवर फिरणाऱ्याला व्ही ३० पुरते. आंबा घाट किंवा गगनबावडा आठवड्यातून चढायचा असेल तर व्ही ५० च बघा, किमतीतला फरक डिझेलमध्ये आणि क्लचप्लेटमध्ये वसूल होतो. अशोक लेलँडची दोस्त २०११ पासून आहे, बडा दोस्त २०२० मध्ये आली. तीन सिलिंडरचं दीड लिटर इंजिन, बडा दोस्तला ८० अश्वशक्ती आणि १९० एनएम. या पुढच्या केबिनच्या गाड्या छोट्या जागेत वळतात. आमच्या वाड्यांत दोन्ही बाजूंना दगडी गडगे, मध्ये गाडीपुरतीच वाट, आणि शेवटी कुणाच्या तरी खळ्यात वळवायची वेळ. तिथे बॉनेटवाली गाडी तीन वेळा पुढे-मागे करावी लागते आणि ही एकदाच. रोज दहा घरी थांबणारा किराण्याचा किंवा गॅस सिलिंडरचा धंदा असेल तर हे फार महत्त्वाचं.

मारुतीची सुपर कॅरी खरं तर पिकअपपेक्षा लहान. पेट्रोलवर ७४० किलो, सीएनजीवर ६२५. भाजी, बेकरीचा माल, दूध यांना चांगली. चिरे भरायचे असतील तर तिच्याकडे बघूही नका. इसुझू डी-मॅक्स दणकट गाडी आहे, पण तिचा पार्ट आणायला तुम्हाला कुठवर जावं लागेल ते आधी मोजा.

यावरच मी सगळ्यात जास्त बोलतो. कंपनी म्हणजे शोरूममधली गाडी नव्हे, तुमच्या तालुक्यात मिळणारा तिचा पार्ट आणि ती उघडता येणारा मेकॅनिक. म्हणून शोरूमला जायच्या आधी स्पेअर पार्टच्या दुकानात जा. ज्या मॉडेलवर मन आहे तिची क्लचप्लेट, व्हील बेअरिंग, डिझेल फिल्टर, हेडलाइट आणि बाजूचा आरसा आहे का विचारा. फळीवरून काढून दाखवला तर ती गाडी तुमच्या गावात चालते असं समजा. "मागवून देतो" म्हणाला तर किती दिवसांत आणि किती रुपयांत, ते लिहून घ्या. आरसा मुद्दाम सांगतोय. अरुंद रस्त्यावर एसटीला साइड देताना पहिला तोच जातो.

नंतर सर्व्हिस सेंटरला जा, सकाळी नऊला नाही, दुपारी चारला. कंपाउंडमध्ये किती गाड्या बॉनेट उघडून उभ्या आहेत ते बघा आणि त्यांच्या ड्रायव्हरशी बोला. "कधीपासून उभी आहे?" एवढंच विचारलं तरी पुरतं. पार्टअभावी आठवडा-आठवडा गाड्या अडकलेल्या असतील तर सेल्समनने कितीही सूट दिली तरी पुढे जाऊ नका. आंब्याचा हंगाम मार्च ते मे, त्यातही मधला महिना खरा कमाईचा. एप्रिलमध्ये गाडी आठ दिवस उभी राहिली तर वाशीच्या बाजाराचा चढा भाव गेला, आणि भाड्याची गाडी त्या दिवसांत मागाल त्या पैशात मिळत नाही. माझ्याकडे एक बागायतदार आले होते. नवी गाडी, वॉरंटीत, एका सेन्सरसाठी ऐन हंगामात अडून राहिली. वॉरंटीत असल्यामुळे मला हात लावता येईना आणि कंपनीच्या माणसाकडे पार्ट येईना. पेट्या मांडवात पिकत होत्या. ते काका माझ्या बाकावर बसून नुसते फोन लावत होते, ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतं.

दुसरी मोठी गोष्ट गंज. देशावरच्या माणसाला हे पटत नाही, पण किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत रात्री उभी राहणारी गाडी वेगळीच म्हातारी होते. खारा वारा चेसिसवर मीठ सोडतो, मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, आणि लोखंड कोरडं म्हणून होतच नाही. मासळीच्या गाडीत तर बर्फाचं खारं पाणी थेट वरून गळतं. म्हणून शोरूममध्ये गाडीखाली वाकून, मोबाइलचा टॉर्च लावून बघा. हौद्याच्या खालच्या आडव्या पट्ट्या चेसिसवर जिथे बसतात तिथे पाणी साठेल अशी खाच आहे का? चेसिसच्या बंद भागाला पाणी जायला भोकं आहेत का? ब्रेकचे पाइप उघडे लोंबतात की क्लिपमध्ये वर धरलेत? वायरिंगचे जोड चाकाच्या चिखलात येतात का? एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत इथे फरक सापडेल. जी गाडी खालून साफ, सुटसुटीत, ती आपल्याकडे जास्त टिकते.

कुठलीही घ्या, खालून अँटीरस्ट कोटिंग करून घ्या, आणि तेही पहिला माल भरायच्या आधी. मीठ बसल्यावर वरून कोटिंग मारलं तर गंज आत झाकला जातो आणि आतल्या आत खातो. बॉडीवाल्याने वेल्डिंग केलं की त्या जागेचा रंग जळतो, तिथे झिंक प्रायमर मारल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. मासळीवाल्यांसाठी आणखी एक. हौद्यात ॲल्युमिनियमचा पत्रा लोखंडावर सरळ ठोकतात. दोन धातूंच्या मध्ये खारं पाणी अडकलं की पत्र्याची पांढरी भुकटी होते आणि खालचं लोखंडही सडतं. मध्ये रबराची पट्टी घालून घ्या, कडा सीलंटने बंद करा, आणि पाणी जायला नळी काढून ती चेसिसच्या बाहेर, मागच्या फाळक्याखाली सोडा. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने खालून धुवा. जेटने धुतलं की पाट्यांच्या पिनांतलं ग्रीस निघतं, म्हणून मोठ्या धुण्यानंतर ग्रीसिंग हवंच. वॉरंटीत गंज धरतात का, हे तोंडी नको, कागदावर विचारा.

टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या गाडीची घेऊन काही कळत नाही. डेमो गाडीत तुमचा माल भरू द्या म्हणून सांगा, निदान सिमेंटच्या वीस गोण्या. म्हणजे एक टन झाला. चढावर मध्येच थांबा, हँडब्रेक लावा आणि पहिल्यात उचलून बघा. क्लचचा वास आला तर ती गाडी तुमच्या घाटासाठी नाही. उतरताना दुसऱ्यात ठेवून ब्रेकवरचा पाय काढा, इंजिन गाडीला किती धरतं ते बघा. घाटात चढण्याची ताकद सगळे विचारतात, उतरण्याची कुणी नाही. परतल्यावर ज्याला गाडी चालवायचीय त्यालाच विचारा. मालक विकत घेतो, पण कमर ड्रायव्हरची दुखते.

डिझेलबद्दल थोडं. एप्रिल २०२० पासून सगळी नवी इंजिनं बीएस ६, म्हणजे धुराच्या कडक नियमांतली आहेत. सायलेन्सरमधल्या फिल्टरमध्ये काजळी साठते आणि इंजिन चांगलं तापून काही वेळ सलग चाललं की ती जळते. दिवसभर पाच-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती जळायला वेळच मिळत नाही, मग दिवा लागतो आणि गाडी ओढत नाही. तुमचं काम गावातल्या गावात असेल आणि वाटेवर सीएनजी पंप असेल तर पेट्रोल-सीएनजीचा विचार जरूर करा. टाकीमुळे वजन थोडं कमी भरता येतं, हे धरून. डिझेलच घेणार असाल तर त्या मॉडेलला युरिया (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रावण) लागतो का आणि तो तुमच्या पंपावर मिळतो का, हे विचारा.

पैशांचं एकच सांगतो. फायनान्सवाला 'आठ टक्के फ्लॅट', म्हणजे शेवटपर्यंत मूळ कर्जावरच व्याज, म्हणाला तर चार वर्षांच्या कर्जावर ते कमी होत जाणाऱ्या मुद्दलावरच्या चौदा टक्क्यांच्याही वर जातं. पाच लाखांवर आठ टक्के फ्लॅटने चार वर्षांचं व्याज १,६०,००० आणि हप्ता १३,७५० होतो. बँकेचा दर याच्याशी ताडून बघा. मासळीवाल्यांनी तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दोन हप्त्यांची सोय आधीच वेगळी काढून ठेवावी.

घ्यायची वेळही सांभाळा. आंब्यासाठी गाडी हवी तर गुढीपाडव्याची वाट बघू नका. पासिंग, बॉडी, कोटिंग यात दिवस जातात आणि तोवर हंगाम सुरू झालेला असतो. जानेवारीत ताबा मिळेल असं बघा. डिसेंबरअखेरीस सूट मिळते, पण गाडी कागदावर जुन्या सालाची राहते, विकताना ते आडवं येतं. दहा वर्षं वापरणार असाल तर सूट घ्या, चार वर्षांत बदलणार असाल तर नको.

ताबा घेताना चेसिस नंबर कागदाशी जुळवा, पाटीवरचा उत्पादनाचा महिना वाचा, स्टेपनी, जॅक, टॉमी मोजून घ्या. फाळक्याच्या दोन्ही कड्या स्वतः उघडून लावून बघा. मग पाच-सात किलोमीटर फिरवून आणा आणि इंजिन चालू ठेवून खाली वाका. तेलाचा किंवा डिझेलचा एक थेंब जरी दिसला तरी सही करू नका, दुरुस्त करून दुसऱ्या दिवशी द्या म्हणून सांगा.