नवे कामगार कायदे : छोट्या कारखानदाराने आधी काय करायचं

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि 29 जुने केंद्रीय कायदे त्यांत विलीन झाले. वाळूजमध्ये चार माणसांवर जॉबवर्क करणाऱ्याला वाटतं, हे मोठ्या कंपन्यांचं लफडं आहे. तसं नाही. वेतन संहिता कामगारांची संख्या बघत नाही, एक माणूस असला तरी ती लागू आहे.

सगळ्यात आधी पगारपत्रक काढा, खरी गोम तिथेच आहे. मूळ पगार कमी आणि भत्ते भरमसाट ठेवायची आपल्याकडची जुनी रीत आता चालत नाही. घरभाडं, प्रवासखर्च असे वेतनातून वगळायचे भाग मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले, की वरची रक्कम वेतनात धरायची. समजा एकूण 20,000 रुपये : मूळ पगार 8,000, घरभाडं 7,000, प्रवास 5,000. भत्ते झाले 12,000, म्हणजे निम्म्यापेक्षा 2,000 जास्त. म्हणून वेतन 10,000 धरायचं. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना द्यायची एकरकमी रक्कम, हिचा हिशोब 15 भागिले 26 ने होतो (महिन्याचे 26 दिवस धरून 15 दिवसांचं वेतन), तेव्हा दर वर्षामागे 8,000 वरच्या 4,615 ऐवजी 10,000 वर 5,769 रुपये बसतात. हा आकडा आजच सगळ्यांसाठी काढून ठेवा, नाहीतर माणूस सोडून जाताना तोंडचं पाणी पळतं.

मग नेमणूकपत्रं. दहा किंवा जास्त कामगार असतील तर प्रत्येकाला लेखी पत्र द्यायचंच. जुन्या माणसांना ते देण्यासाठी संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांची मुदत होती. "घरचाच माणूस आहे, पत्र कशाला?" हे म्हणणं तपासणीत टिकत नाही. पत्र राहिलं असेल तर या आठवड्यात द्या.

ठरावीक मुदतीवर घेतलेल्या कामगाराला आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळते. कायम कामगाराची पाच वर्षांची अट मात्र तशीच आहे. हंगामापुरतंच काम असलेल्यांसाठी, म्हणजे जिनिंग किंवा साखर कारखान्यात, दर वेगळा : प्रत्येक हंगामाला सात दिवसांचं वेतन.

तारखा मुनीमजींच्या टेबलावर चिकटवा. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत. माणसाने राजीनामा दिला किंवा तुम्ही काढलं, तर त्याचं वेतन त्यानंतरच्या दोन कामकाजाच्या दिवसांत चुकतं करायचं. "पुढच्या महिन्यात ये" बंद. जादा कामाला दुप्पट दर, आणि महिला रात्रपाळीला येणार असतील तर त्यांची संमती हवी. कमी वेतन दिल्याचं सिद्ध झालं तर दंड 50,000 रुपयांपर्यंत जातो.

ठेकेदाराची माणसं असतील तर आणखी एक काम. ठेकेदाराने पगार थकवला तर तो मूळ मालकाला, म्हणजे तुम्हाला, भरावा लागतो. म्हणून त्याचं बिल पास करण्याआधी मागच्या महिन्याचे पगार बँकेतून जमा झाल्याची यादी मागा. यादी नसेल तर बिल थांबवा.